नक्शाबाबूंचा जर्मन कॅमेरा

खोली भाड्याने देण्याआधी त्यांनी मला तिचा नकाशा दिला. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर काळ्या शाईने काढलेला, वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाण. दार कुठे, खिडकी कुठे, कोनाडा किती खोल, सगळं त्यात होतं. मी हसून म्हणालो, "बाबूजी, खोली तर समोर दिसतेच आहे." ते हसले नाहीत.

"दिसते ते अलग, असते ते अलग," ते म्हणाले. "तुमची खाट कुठं बसंन ते यात पाहून घ्या."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मूळचा आर्वीकडचा, वर्ध्याच्या एका शाळेत सायन्सचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. खोली बोरगावात होती, आणि बोरगाव त्या काळी गावच होतं. शाळा तिथून दोनेक मैल, असं मी एकदा बोलून गेलो, तर त्यांनी मला थांबवलं. "पावणेदोन मैल, वर चाळीस पावलं. दोनेक म्हणजे काय? एक अंतर सांगा." तीस वर्षं जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढून ते रिटायर झाले होते. गल्ली त्यांना नक्शाबाबू म्हणायची. त्यांचं नाव मी फक्त पोस्टमनच्या तोंडून ऐकलं.

बुटके, काटक, कानावर पेन्सिल. धोतरावर खाकी कोट, तोही उन्हाळ्यात. ते चालायचे तेव्हा ओठ हलायचे, कारण ते पावलं मोजत असायचे. मध्ये कोणी नमस्कार केला तर हात वर करून त्याला थांबवायचे, आणि मुक्कामाला पोचल्यावर आकडा मनात पक्का करून मगच वळून नमस्कार घ्यायचे. तोवर तो माणूस बहुधा निघून गेलेला असायचा. "अंदाज म्हणजे आळस," हे त्यांचं लाडकं वाक्य. काकू, म्हणजे त्यांची बायको, वरणात चिमूटभर हिंग घालते म्हणाल्या की ते विचारायचे, "चिमूटभर? कोणाची चिमूट?"

"माही," काकू म्हणायच्या, आणि हिंग घालून मोकळ्या व्हायच्या.

काकू थकलेल्या होत्या. पायांवर सूज, दोन घागरी उचलल्या की धाप. डॉक्टरांनी काळजाचं दुखणं म्हणून सांगितलं होतं आणि विश्रांती घ्या म्हटलं होतं. एकुलती मुलगी जबलपूरला दिली होती, जावई रेल्वेत. तिला एक मुलगा झाला होता, तो आता बोलायला लागला होता, आणि काकूंनी त्याला पाहिलेलं नव्हतं. काकूंना प्रवास झेपत नव्हता आणि मुलीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. ती दर पत्रात एकच मागणी लिहायची. काकूंना वाचता येत नसे, नक्शाबाबू चष्मा नसला की पत्र माझ्याकडे देत, म्हणून मला ते पाठ झालं होतं. "आईचा एक फोटो पाठवा. हा सारखा विचारतो, आजी कशी आहे म्हणून. मी त्याला काय दाखवू?"

काकूंचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता. वर्ध्यात स्टुडिओ होता. टांगा केला असता तर तासाभराचं काम. पण नक्शाबाबूंना स्टुडिओचा राग होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस, आणि फोटो धुऊन झाला की फोटोवाला पेन्सिलीने सुरकुत्या बुजवतो. "माणसाचा खोटा नकाशा काढून राह्यले हे लोक," ते म्हणायचे. "हिचा फोटो मी काढीन."

कॅमेरा आला तो त्या दिवाळीनंतर. नागपूरला कुठल्याशा कंपनीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. नक्शाबाबू गेले होते कंपासपेटी पाहायला, परतले ते हा जर्मन कॅमेरा घेऊन. लढाईच्या आधीचा. कातडी पेटीला बुरशी, पट्टा तुटलेला. आणि मुळात बंद.

मी सायन्सचा मास्तर, म्हणून तो पहिल्यांदा उघडला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. बटण दाबलं की शटर अर्ध्यावर जाऊन अडकायचं. आतल्या काळ्या कापडी पडद्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. भिंगात धुकं साचलं होतं. आणि ज्या खुबीसाठी त्यांनी तो घेतला होता, तीच नेमकी मेली होती. त्या जातीच्या कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचं माणूस दोनदा दिसतं, एकावर एक, थोडं सरकलेलं. भिंगाची कडी फिरवत गेलं की ती दोन चित्रं जवळ येतात. ती एक झाली की माणूस किती फुटांवर आहे ते कडीवर वाचता येतं, आणि फोटोही तेवढ्या अंतरावर स्वच्छ येतो. ज्याने जन्मभर दुसऱ्यांनी मोजणीच्या साखळ्या ओढून आणलेली अंतरं कागदावर मांडली, त्याला हे यंत्र म्हणजे काय वाटलं असेल! पण या कॅमेऱ्यात दुसरं चित्र दिसतच नव्हतं. आतल्या नखाएवढ्या आरशाचा पारा उडाला होता.

पुढचं जवळजवळ वर्षभर त्या घरात दुसरा विषय नव्हता.

त्यांची काम करायची रीत अशी. आधी कॅमेऱ्याचा नकाशा. झाकण काढलं की जे दिसेल ते ड्रॉइंगच्या कागदावर दुप्पट मोठं काढायचं, आणि मग एकेक स्क्रू काढून त्या कागदावर, स्वतःच्या जागी ठेवायचा. खोलीत वारा येऊ नये म्हणून खिडकी बंद. काकूंनी त्या खोलीत झाडू मारायचा नाही. एकदा एक स्क्रू गडगडला, तो शोधायला त्यांनी जमिनीवर खडूने चौकोन आखले आणि एकेक चौकोन भिंगाने तपासला. संध्याकाळी तो काकूंच्या पदराच्या चुणीत सापडला. ते काकूंशी दोन दिवस बोलले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "आता मी काय मुद्दाम उचलला का भाऊ? पण त्यायचं असंच हाय."

शटरचं तेल घट्ट होऊन गोंदासारखं झालं होतं. ते स्पिरिटने धुऊन त्यांनी घड्याळाचं तेल सुईच्या टोकाने भरलं. पडद्याची भोकं बुजवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन घेतलं आणि त्यात काकूंच्या डबीतलं काजळ घोटलं. ते इतकं नामी जमलं की त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला. भिंग पुसायला त्यांनी काकूंचं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं लुगडं फाडलं. आरशाचा पारा मात्र चढेना. तो पूर्ण चढवायचा नव्हता; अर्धा उजेड आरपार जावा आणि अर्धा परतावा, इतकाच. हेडमास्तरांच्या परवानगीने मी शाळेच्या प्रयोगशाळेतून थोडं सिल्व्हर नायट्रेट आणि मायक्रोस्कोपच्या पातळ काचा आणल्या. काच द्रावणात बुडवायची आणि मनातल्या मनात अंक मोजत वर काढायची. एक अंक जास्त झाला की आरसा आंधळा, एक कमी झाला की नुसती काच. आमच्या दोघांच्या बोटांवर महिनाभर काळे डाग होते. पावसाळा तसाच गेला. भाद्रपदात एक काच साधली.

ती कॅमेऱ्यात बसवून ते अंगणात गेले आणि गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगच्या धुरांड्यावर डोळा लावला. कडी पुढे-मागे फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "पाहा." मी पाहिलं. एक धुरांडं, त्याच्या शेजारी दुसरं, फिकट, भुतासारखं. मी कडी फिरवली आणि ती दोन एकमेकांत मिसळली.

"आता काढा काकूंचा फोटो," मी म्हणालो.

"आता? आता तर मोजायचं हाय."

आरसा दाखवतो ते अंतर आणि भिंग ज्या अंतरावर स्वच्छ चित्र काढतं ते अंतर, ही दोन्ही तंतोतंत एक आहेत का, हे फिल्म भरून पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. त्यांनी एक पाटी आणली. अंगणात स्टूल ठेवलं, त्यावर काकूंना बसवलं आणि पाटी त्यांच्या मांडीवर दिली. कॅमेऱ्यापासून पाटीपर्यंत फीत लावायची, जितकं अंतर असेल तितकं खडूने पाटीवर लिहायचं, पाच फूट, सहा फूट, आठ, दहा, पंधरा, आणि फोटो घ्यायचा. रोल नागपूरहून आणावा लागे. वर्ध्याचा तोच स्टुडिओवाला तो धुऊन द्यायचा, सवडीने. फोटो आले की नक्शाबाबू भिंग घेऊन पाटीवरचे आकडे तपासायचे. आठ धूसर, दहा साफ. म्हणजे फरक आहे. मग कॅमेरा पुन्हा उघडायचा, कागदाची एक पातळ चकती आत टाकायची, आणि पुन्हा नवा रोल.

काकू बसायच्या. उन्हात, पाटी धरून. धाप लागली की हात हलायचा आणि ते ओरडायचे, "हलू नको." एकदा मी सुचवलं की पाटी नुसती स्टुलावर ठेवा, काकूंना कशाला बसवता. काकूच म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. तेवढ्या वेळ ते माह्याकडं पाह्यतात तरी."

त्या हे हसून म्हणाल्या होत्या. मीही हसलो होतो.

मार्गशीर्षात एक दिवस नक्शाबाबू रोल आणायला नागपूरला गेले. शाळेला सुट्टी होती. मी माझ्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. दुपारी काकूंनी हाक मारली म्हणून गेलो तर त्या अंगणात स्टुलावर बसलेल्या. अंगावर हिरवं इरकली लुगडं, मुलीच्या लग्नातलं. नाकात नथ. केस नीट चोपून बसवलेले. सूज आता चेहऱ्यावरही होती, पण कुंकू मोठं आणि सुबक लावलं होतं.

"भाऊ, कॅमेऱ्यात दोन फोटो बाकी हायेत ना?"

"आहेत."

"मंग तुमीच काढून टाका माहा. तुमाले येते ना आता?"

मला येत होतं. वर्षभरात मी त्या कॅमेऱ्याचा भाग न् भाग पाहिला होता. तो आत पलंगाजवळच्या फळीवर होता, फडक्यात गुंडाळलेला. राहिलेला फरक दोन-चार बोटांचा असेल; एवढ्याने माणूस ओळखू येत नाही असं थोडंच होतं. पण मला पहिल्यांदा आठवला तो बाबूजींचा चेहरा, स्क्रू हरवला तेव्हाचा.

"बाबूजी येऊ द्या काकू," मी म्हणालो. "त्यांना विचारल्याशिवाय नको."

त्यांनी आग्रह केला नाही. "बरं," म्हणाल्या. तरी लगेच उठल्या नाहीत. उन्हात बसून राहिल्या आणि पहिल्यांदाच मला नवऱ्याबद्दल काही सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात देवळीकडच्या एका गावचा नकाशा त्यांनी काढला होता. त्यात एका धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, रेघ सरकली. केसभर. कागदावरचं केसभर म्हणजे वावरात किती असते ते मास्तरांनीच समजून घ्यावं. त्या रेघेवरून दोन चुलतभाऊ भांडले आणि एकाने दुसऱ्यावर कुऱ्हाड चालवली. तो मेला.

"यायची चूक नव्हती," काकू म्हणाल्या. "मोजणीच चुकीची आलती. साहेबानंही तसंच लिवून देल्लं. पण हे त्या गावाले गेलते. त्या मेलेल्याच्या बाईले पाहून आले. तवापासून असे झाले. आधी असे नव्हते. आधी गाणं म्हणत."

मग त्या आत गेल्या आणि लुगडं बदललं.

त्यानंतर त्या स्टुलावर बसल्या नाहीत. पौषात त्यांना उताणं झोपवेना, पलंगावर उशांना टेकून त्या रात्रंदिवस बसलेल्या असायच्या. नक्शाबाबू त्यांचं सगळं करायचे. औषध थेंब मोजून द्यायचे, पाय चेपायचे, कढी भरवायचे. आणि दुपारी दोन तास अंगणात जायचे. पाटी आता ते स्टुलाला टेकवून ठेवत. मी एकदा म्हणालो, "बाबूजी, आहे तसा फोटो काढून टाका आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "या रोलात होते," म्हणाले. "या रोलात बसते सगळं. मंग खिडकी उघडून तिचा पलंगावरच काढतो."

रोल स्टुडिओत धुवायला गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी काकू गेल्या. मी शाळेत होतो. निरोप आला तेव्हा पाचवीचा तास चालू होता.

रोल धुऊन आला तो दहाव्यानंतर. मीच घेऊन आलो. सगळे आकडे साफ होते, पाच फुटांपासून पंधरा फुटांपर्यंत. खडूचा कण न् कण दिसत होता. मागे रिकामं स्टूल, त्याच्या लाकडाच्या रेषा, मागच्या भिंतीला पडलेली चीर. इतका स्वच्छ फोटो मी तोवर पाहिला नव्हता.

मुलगी तान्हं घेऊन आली होती, मोठ्याला सासूजवळ ठेवून. तेराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तिने विचारलं, "बाबा, आईचा फोटो?" नक्शाबाबूंनी सगळे लिफाफे आणले आणि फोटो जमिनीवर ओळीने मांडले, अंतराप्रमाणे. ती एकेक उचलून पाहू लागली. पाच आणि सहा फुटांवरच्या फोटोंत पाटी, पाटी धरलेले दोन हात, बांगड्या, गळ्यातली पोत. गळ्याच्या वर काही नाही. आठ फुटांवर हनुवटी. दहा फुटांवर चेहरा आला होता, पण नेमका खोकला आलेला, तोंडावर पदर. पंधरा फुटांवर चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि धूसर.

"बाबा, तोंड कुठं आहे आईचं?"

"माहं ध्यान पाटीवर होतं," ते म्हणाले.

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने पाच फुटांवरचा एक फोटो घेतला, हातांचा, आणि बाळाच्या दुपट्यात ठेवून दिला. जाताना ती त्यांच्या पाया पडली, पण बोलली नाही.

नंतरचे महिने वाईट होते. ते पावलं मोजेनासे झाले. गल्लीतून नीट सरळ चालत जायचे, कोणी नमस्कार केला तर लगेच हात जोडायचे, आणि मला ते पाहवायचं नाही. कॅमेरा फळीवर होता, चालू, निर्दोष. एका रविवारी मला आत बोलावलं. ड्रॉइंगबोर्डावर कागद ताणून लावलेला होता, त्यावर पेन्सिलीचा एक लांबट गोल आणि आत आडव्या-उभ्या फिकट रेघा. तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या गावाची शीव त्यांना आठवणीने काढता येत असे. त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तिच्या दोन डोळ्यांत अंतर किती असंन?"

मी कागदावरच्या रेघांकडे पाहिलं.

"कपाळ रुंद होतं ना? का मले वाटते तसं?"

"रुंद होतं," मी म्हणालो. खरं तर मलाही नक्की आठवत नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलली, कागदाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली.

उन्हाळ्यात मला हिंगणघाटच्या शाळेत जास्त पगाराची जागा मिळाली. निघायच्या दिवशी बैलगाडी दारात उभी होती. ट्रंक, वळकटी, पुस्तकांचं गाठोडं वर चढलं होतं. ते ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो, आणि पाच-सहा महिने जे सांगायचं राहत होतं ते तेव्हा बोलून टाकलं. की तुम्ही नागपूरला गेला होता त्या दिवशी काकू लुगडं नेसून बसल्या होत्या. मला म्हणाल्या फोटो काढा. कॅमेऱ्यात दोन फोटो बाकी होते. मी काढला नाही. तुम्हाला घाबरलो.

ते रस्त्याकडे पाहत होते. गाडीवान बैलांशी काही बोलत होता.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तिनं त्याच दिवशी सांगितलं मले. मी आल्यावर, जेवायले वाढता वाढता. म्हणाली, मास्तर नाई म्हणाले."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"मी फळीवर पाह्यलं," ते पुढे म्हणाले. "फडकं मी जसं बांधलं होतं तसंच होतं. कोणी हात लावला नव्हता." मग माझ्याकडे न पाहता, अगदी हळू म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मले बरं वाटलं होतं."